कोच तेर्योचा थरथरता हात

अध्यक्षस्थानी विराजमान असलेल्या आपल्या मेयर माननीय कादेलिन्याबाई. व्यासपीठावर उपस्थित फादर आन्सेल्मो, आपल्या वस्तीचे कपितान बेर्तिंग, आणि प्रांताच्या राजधानीहून खास आलेले क्रीडाधिकारी, ज्यांचं नाव मला आत्ताच कानात सांगण्यात आलं आणि आत्ताच मी विसरले. आजचे सत्कारमूर्ती कोच एलेउतेरिओ देवेसा, म्हणजे आपला तेर्यो. त्यांची कन्या आणि आपल्या शाळेची क्रीडाशिक्षिका निंग. आणि समोर खुर्च्यांवर, पायऱ्यांवर, राखीव बाकावर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

सर्वांना माझा सविनय नमस्कार.

निरोपाच्या भाषणाला डॉक्टरला उभं करणं हा तसा अपशकुन आहे. पण कोचने स्वतः माझं नाव सुचवलं. कार्यक्रमपत्रिकेत मला दहा मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. गेली कित्येक वर्षं तुम्ही माझ्या दवाखान्यात येऊन गुडघ्याच्या दुखण्याआधी शेजाऱ्याच्या भांडणाची हकिकत सांगत आला आहात, तेव्हा मी कधी घड्याळ बघितलं होतं का?

आता एक बारीकशी तक्रार, मग मूळ विषय. थोड्याच वेळापूर्वी या मैदानावर जुन्या खेळाडूंचा आणि नव्या खेळाडूंचा बास्केटबॉलचा प्रेमाचा सामना झाला. प्रेम कमी आणि कोपर जास्त होतं, ते असो. सामना संपल्यावर जेवण आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तुमच्या खुर्च्यांच्या मागच्या नळापाशी एक घमेलं, साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेवून आले. मी इथून बघते आहे. सगळे खेळाडू घामेजलेले, हात गुडघ्यांवर ठेवून शहाण्या मुलांसारखे बसलेत. टॉवेलची घडीही मोडलेली नाही!

का मोडेल? तापलेल्या हातांना गार पाणी लागलं की पास्मा होतो, शिरा आखडतात, हात जन्माचे कापायला लागतात. हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. मी तीन दशकं हात धुण्याची भित्तिपत्रकं लावते आहे आणि ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पानावरच्या शेवया हात न लावता थेट तोंडाने खायची आपली रीत कुठून आली, याचा मला तर आता दाट संशय आहे.

आणि मी फारच मागे लागले, की तुम्ही सगळे एकच उत्तर देता. "डोक्तोरा, आमच्या तेर्योचं काय झालं ते विसरलात का?"

विसरले नाही. म्हणूनच उभी आहे.

तेर्यो लहानपणी चेंडू टाकायला शिकला तो नारळाच्या झाडाला ठोकलेल्या रिंगवर. खाली मुळंच मुळं. चेंडू आपटला की कुठे उडेल ते देवालाच ठाऊक. त्यामुळे ड्रिबल करणं त्याला कधी धड जमलं नाही, पण चेंडू हातात आला की सरळ रिंगमध्ये. त्याची आई, आलिंग ओन्यांग, लोकांचे कपडे धुवायची आणि इस्त्री करायची. तिचं म्हणणं एकच. "कार्ट्या, झाडावर नेम धरायचाच तर नारळावर धर. घरात काहीतरी येईल तरी."

तिथून तो मनिलाला गेला, आणि अमिहान या पंख्यांच्या कंपनीच्या संघात व्यावसायिक खेळाडू झाला. त्या वर्षी गावात पंखा घ्यायचा तर अमिहानच घ्यायचा असा अलिखित नियम होता. माझ्या दवाखान्यातला अजून चालतो. वारा देत नाही, पण चालतो.

त्याचा फ्री थ्रो ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगू! रेषेवर उभा राहायचा, क्रूसाची खूण करायचा, एका हाताने चेंडू असा अलगद सोडायचा की कपितान बेर्तिंग चेंडू निघाल्याबरोबरच टाळ्या वाजवायला सुरुवात करायचे. बरोबर ना, कपितान? मान हलवताहेत.

आणि मग तो अंतिम सामना. नगरपालिकेच्या सभागृहात एक टीव्ही, आणि त्याच्यापुढे अख्खं गाव. फादर आन्सेल्मोंच्या आधीचे फादर संध्याकाळची प्रार्थना आटोपती घेऊन आले होते. आलिंग ओन्यांग पहिल्या रांगेत, मांडीवर इस्त्रीचे कपडे, कारण रिकामं बसणं तिला माहीतच नव्हतं. शेवटचे काही क्षण उरले, आपण एका गुणाने मागे, आणि तेर्योला दोन फ्री थ्रो. एक पडला तर बरोबरी, दोन पडले तर विजेतेपद. सगळं गाव हसत होतं. तेर्यो रेषेवर म्हणजे काम झालं!

तुम्ही सगळ्यांनी चेंडू बघितला. मी डॉक्टर, मी हात बघितला. तो हात थरथरत होता.

दोन्ही चुकले.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजार उठायच्या आत गावाचा निकाल लागला होता. पास्मा! आता प्रश्न एवढाच, की तेर्योच्या हाताला पाणी लावलं कुणी? आणि कुणीतरी आठवण काढली. आधीच्या उन्हाळ्यात, गावच्या जत्रेला तेर्यो आला होता, याच मैदानावर खेळला होता, आणि तसाच तापलेला घरी गेला होता. घरी जेवायला फादर आलेले. फादरांसमोर मळक्या हाताने कसं बसायचं, म्हणून ओन्यांगने स्वतः तांब्या घेऊन लेकाच्या हातांवर पाणी ओतलं होतं. ते वीसएक जणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

लोक वाईट नव्हते. तोंडावर कुणी बोललं नाही. पण आपल्या गावात न बोललेलं जास्त ऐकू येतं. ओन्यांग मला नळावर भेटली. तिचे स्वतःचे हात तर किती वर्षं कापायचे, कप धरला की बशी वाजायची. ते तिने इस्त्रीने तापलेल्या हातांच्या खात्यावर मांडून ठेवलं होतं. मला म्हणाली, "डोक्तोरा, माझे गेले ते गेले. पण पोराचे हात मी माझ्या हाताने घालवले हो. मला माहीत होतं, तरी ओतलं. फादर काय म्हणतील, म्हणून ओतलं."

तिने जेवण सोडलं. चर्चमध्ये दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत जायची. मी पुस्तकातून वाचून दाखवलं, रागावले, हात जोडले. उंटावरची शहाणी म्हणून तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गुडघ्यांवर चालायला गेली.

पंख्यांच्या कंपनीने करार वाढवला नाही, आणि तेर्यो घरी आला. पण घरी जायच्या आधी बॅगेसकट माझ्या दवाखान्यात आला. मनिलाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याचे हात तपासले होते, आणि एकच प्रश्न विचारला होता. घरात आणखी कुणाचे हात थरथरतात का?

"आईचे," तेर्यो मला म्हणाला. "आणि तिच्या वडिलांचे. आमच्या लोलो इमोंचे."

लोलो इमो म्हातारपणापर्यंत नारळावर चढून माडीची मडकी उतरवायचे. त्यांचे हात कापायचे हे मीही पाहिलं होतं. आता मला सांगा, या माणसाने जन्मात कधी इस्त्री धरली होती का? आणि त्यांची बायकोच सांगायची, की हात तर त्यांनी फक्त बाप्तिस्म्याला धुतले असतील, तेही दुसऱ्याने. मग यांना पास्मा झाला कुठून? हातच्या काकणाला आरसा कशाला! ही थरथर रक्तातून उतरते. आजोबांकडून मुलीला, मुलीकडून नातवाला. पाण्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

मी तर खुर्चीतून उठलेच. म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता ओन्यांगला सांगू. तिचं पाणी निर्दोष सुटलं!"

तेर्यो जागचा हलला नाही. म्हणाला, "डोक्तोरा, आणि मग ती काय म्हणेल? तांब्या ओतला तर एकदाच ओतला. हे कळलं तर म्हणेल, मी पोटातूनच याला असे हात देऊन पाठवलं. पाण्याची माफी मागता येते. याची कुणाकडे मागेल ती?"

इकडे आड, तिकडे विहीर. वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय शिकवत नाहीत.

त्यानेच उत्तर काढलं. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. ओन्यांग चुलीपाशी बसली होती, वर बघेना. तेर्यो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "नानाय, एक सांगायचंय. मारणार नसशील तर सांगतो."

"मी कशाला मारू? माझा काय अधिकार?"

"उपान्त्य सामना झाला ना, त्या दिवशी फार उकडत होतं. मी घाम न पुसता, तसाच तापलेला गार पाण्याच्या शॉवरखाली उभा राहिलो. हात डोक्यावर धरून. दुसऱ्या दिवशीपासून हात कापायला लागले. जत्रेनंतर सगळा मोसम मी चांगला खेळलोच होतो की नाही? तुझ्या पाण्याने व्हायचं असतं तर तेव्हाच झालं नसतं?"

ओन्यांगने हिशोब केला. तो पटला. ती सावकाश उठली, आणि पायातली चप्पल काढली.

"किती वेळा सांगितलं होतं? बसमध्ये बसताना सांगितलं होतं! खिडकीतून सांगितलं होतं! घाम मरू दे, मग अंघोळ कर! आईचं ऐकलं असतंस तर आज टीव्हीवर असतास, मेल्या!"

मी मध्ये पडले नाही. सहा फुटांपेक्षा उंच माणूस चुलीभोवती पळत होता, चपलेचे फटके खात होता, आणि हसत होता. आणि रडतही होता, ते मी पाहिलं. मारून दमल्यावर ओन्यांगने ताटात भात घेतला. मग आणखी घेतला. किती दिवसांनी बाई पोटभर जेवली!

तेव्हापासून ते मरेपर्यंत आलिंग ओन्यांगने ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पोराला सांगितली. तेर्योने आईचं ऐकलं नाही, बघा काय झालं. प्रत्येक घरात तेर्योचं उदाहरण. आणि तो समोर बसून मान खाली घालून म्हणायचा, "खरं आहे नानाय, चूक माझीच." जगात मुलगे आईला घर बांधून देतात, सोन्याची साखळी देतात. या मुलाने आईला आयुष्यभर बरोबर असण्याचं सुख दिलं.

आणि माझी भित्तिपत्रकं? त्यांची राखरांगोळी झाली. पण मी गप्प बसले, कारण रुग्णाने मला शब्द द्यायला लावला होता. आणि खरं सांगू? ओन्यांगचा तो चेहरा बघितल्यावर बोलायची माझीच इच्छा उरली नाही.

बरं, हात असे. मग हा माणूस कोच कसा झाला? मुलांचा संघ त्याला कुणी देईना. म्हणे ज्याला स्वतःला चेंडू टाकता येत नाही तो काय शिकवणार! शाळेने मुलींचा संघ दिला, कारण मुलींच्या संघाचं काय होतंय याची कुणालाच फिकीर नव्हती. क्षमस्व, मुख्याध्यापक, तुमच्या आधीच्या मुख्याध्यापकांविषयी बोलते आहे.

एका हाताने दाखवायला गेला की हात थरथरायचा, म्हणून तो फ्री थ्रो दोन्ही हातांनी टाकायला लागला. गुडघे वाकवून, चेंडू पायांमधून झुलवत, खालून वर. बादलीतलं पाणी अंगणात फेकावं तसा. पायऱ्यांवरची टवाळ पोरं ओरडायची, "ए, लोला आली, आजीबाई लोला!" तेर्यो वळून म्हणायचा, "लोलाचा पडतो. तुझा पडतो का ते सांग!" आणि पडायचा, हे विशेष. मुलींना लाज वाटायचं कारण नव्हतं, त्यांच्याकडे आधीच कुणी बघत नव्हतं. त्या शिकल्या.

मग आली प्रांताची स्पर्धा. उद्घाटनाच्या संचलनात प्रत्येक संघापुढे एक सुंदरी चालायलाच हवी, हा नियम. बाकीच्या संघांनी कुठून कुठून गोऱ्या पोरी आणल्या. आमचा संघ आला, आणि पुढे, छातीवर रेशमी पट्टा, डोक्यावर चमचमता मुकुट, आलिंग ओन्यांग! सत्तरी उलटलेली. थरथरता हात हलवत सगळ्यांना अभिवादन करत होती. परीक्षकांनी बक्षीस दिलं नाही, पण सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. त्या वर्षी अंतिम सामना आपण फ्री थ्रोवर जिंकलो. लोलाच्या फ्री थ्रोवर. पुढच्या मोसमात मुलांचा संघ टोप्या हातात घेऊन तेर्योच्या दारात उभा होता. पुढचे चषक त्या कपाटात आहेत, मी मोजून दाखवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ओन्यांग गेली. याच मैदानावर, त्या रिंगखाली तिची शवपेटी होती, आणि आपल्या रीतीप्रमाणे आपण सगळे नऊ रात्री पत्ते खेळत, जागत तिला सोबत करत होतो. शेवटपर्यंत ती बरोबर होती. समाधानाने गेली.

पण मंडळी, गोष्ट तिथे संपली नाही. संपली असती तर मी आज फक्त हार घालून खाली बसले असते.

काही आठवड्यांपूर्वी निंग माझ्याकडे आली. मी तिला कॉफी दिली. बशी वाजली.

निंग, तू परवानगी दिली आहेस म्हणून सांगते. हिने मला विचारलं, "डोक्तोरा, मी कधीच खेळून हात धुतले नाहीत. लोलाने धुऊच दिले नसते. मी सगळं पाळलं. मग मला का?" आणि म्हणाली, की वडिलांच्या जागी कोच होऊन त्यांची शिट्टी मी घेणार नाही. कापऱ्या हातांची कोच बघून पोरं हसतील. शिट्टी दुसऱ्या कुणाला द्या.

तिच्या वडिलांनी तिला सगळं खरं सांगितलं. शॉवर खोटा होता, रक्त खरं आहे. तर ही काय म्हणाली माहीत आहे? "पापा, लोलाला बरं वाटावं म्हणून तुम्ही एक गोष्ट रचलीत. आता मला बरं वाटावं म्हणून दुसरी रचताय." शहाण्या बापाची शहाणी मुलगी. तेर्यो केळ्यांचा घड घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "डोक्तोरा, नानाय आता नाही. तुमचा शब्द मोकळा. सगळ्यांसमोर सांगा. मी थापाड्या ठरलोय, तुमच्यावर तरी तिचा विश्वास बसेल."

म्हणून निंग, नीट ऐक, आणि गावानेही ऐका. मी तुझ्या लोलाचे हात तपासलेत, तुझ्या वडिलांचे तपासलेत, आता तुझे तपासलेत. थरथर एकच आहे. तू काही चुकवलं नाहीस. तुझ्या लोलानेही चुकवलं नव्हतं. आणि तुझे पणजोबा, लोलो इमो, याच हातांनी झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर बांधलेल्या बांबूवरून चालत जायचे, कमरेला भरलेलं मडकं. ते कधी पडले नाहीत. हात कापतात म्हणजे हात सुटतो असं नव्हे, बाळ.

हसणारी पोरं हसतील, खोटं कशाला सांगू? तुझ्या बापाला हसली, आणि नंतर त्याच्याच दारात उभी राहिली.

एवढंच बोलायचं होतं. आता फक्त आभार. मेयरबाईंनी छप्पर दुरुस्त करून दिलं, त्यांचे आभार. फादरांनी माइक दिला, त्यांचे. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बहिणींचे, ज्यांच्या शेवयांचा वास मला मघापासून भाषण आवरायला सांगतो आहे. आणि तेर्यो, तुझे आभार मानायला गेले तर...

अरे, तेर्यो कुठे चालला?

माफ करा, मंडळी, जरा मागे बघा. सत्कारमूर्ती नळापाशी गेलेत. सामना खेळलेला, घामाने निथळणारा माणूस. नळ सोडला. साबण लावतोय. हात थरथरताहेत, सगळा फेस शर्टावर उडतोय. बघून घ्या. छप्पर कोसळलं का? नाही ना?

आणि निंग उठली. तू कुणीकडे, नळाकडे की... टेबलाकडे. घे. शिट्टीच्या नाडीचा गुंता झाला असेल, सावकाश. एका हाताने जमत नसेल तर दोन्ही हातांनी घाल. तुझ्या बापाने अख्ख्या प्रांताला तेच शिकवलंय. हां. आली गळ्यात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलंय, ते पुसायला मला हात गार होईपर्यंत थांबायची गरज नाही, याची नोंद घ्यावी.

तर मंडळी, बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या आधीच्या मुख्याध्यापकांना लागलं असेल, दहा मिनिटांची तर मी केव्हाच वाट लावली आहे. म्हातारीचं बोलणं समजून पोटात घाला. जेवण तयार आहे. खेळाडूंनी आधी रांगेने नळावर जायचं आहे. साबण एकच आहे.

कुणी हलत नाही. बघितलंत?

निंग, वाजव बाई शिट्टी. माझं हे लोक कधीच ऐकत नाहीत.